बाधित व्यक्तीचं म्हणणं

परवा एक्स्प्रेस-वेवर माझ्या पुढे एक भली मोठी पांढरी गाडी चालली होती. तिच्या छताची काच सरकवून दोन मुलं कमरेपर्यंत बाहेर आली होती, हात पसरून उभी. आई आतून मोबाइलवर त्यांचं शूटिंग करत होती आणि बाप शंभरच्या वेगाने गाडी हाकत होता. फूड मॉलला ती गाडी थांबली तशी मीही थांबले, उतरले आणि त्या बापाला म्हणाले, "तुम्ही ब्रेक दाबलात तर गाडी थांबेल. मुलं थांबणार नाहीत." तो म्हणाला, "मॅडम, चिल." मी आणखी पाच मिनिटं बोलले. शेवटी त्याची बायको मुलांना घेऊन वडापाव आणायला निघून गेली.

माझ्या गाडीत येऊन बसल्यावर लक्षात आलं, की ते ब्रेकचं वाक्य माझं नव्हतंच. ज्या माणसाचं होतं त्याच्यावर मी अजून चिडलेली आहे, हे आधीच लिहून ठेवते. पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको.

तो माणूस म्हणजे माझा घरमालक. मी यवतमाळहून पुण्यात आले तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या अर्धं अर्धं पान जाहिरात देऊन माणसं मागत होत्या, आणि एकट्या मुलीला खोली देताना घरमालक पन्नास प्रश्न विचारत होते. या गृहस्थांनी एकच विचारला. "काडीपेटी, लायटर असलं काही जवळ बाळगता?" नाही म्हटल्यावर खडकीतल्या त्यांच्या घराची मागची खोली मला मिळाली. मी त्यांना काका म्हणायची. ते मला, मी चोवीस वर्षांची असूनही, शेवटपर्यंत 'अहो, तुम्ही' म्हणायचे.

काका दारूगोळ्याच्या कारखान्यात सुरक्षा विभागात अठ्ठावीस वर्षं होते. तिथल्या फाटकावर कामगाराची झडती व्हायची. खिशातली प्रत्येक वस्तू काढून पत्र्याच्या डब्यात, डब्याला कुलूप, आणि कामगाराच्या हातात नंबर कोरलेला पितळी बिल्ला. डबा फाटकावर राहायचा. संध्याकाळी बिल्ला द्या, डबा घ्या. अठ्ठावीस वर्षं हेच करून निवृत्त झालेल्या माणसाने गुलाबाची झाडं लावावीत, पहाटे फिरायला जावं. काकांनी उघडी गाडी घेतली.

कॅम्पातले एक वृद्ध साहेब मुलाकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले होते. त्यांच्याकडे कापडी टपाची, दोन दारांची एक जुनी परदेशी गाडी होती आणि ती ते येईल त्याला द्यायला तयार नव्हते. बघायला येणारे सगळे गाडीच्या प्रेमात पडायचे. काका गेले, दीड तास गाडीच्या खाली-वर बघितलं आणि त्या गाडीत माणूस किती प्रकारांनी मरू शकतो याची एकोणीस कलमांची यादी साहेबांच्या हातात ठेवली. साहेबांनी यादी वाचली आणि किल्ली दिली. हे मला काकूंनी सांगितलं. सांगताना त्यांनी कपाळाला हात लावला होता, पण हसतही होत्या.

मला बंद गाडी लागते. एसटी असो, टॅक्सी असो, तासाभरात पोट ढवळतं. कंपनीच्या बसने ऑफिसला पोचेपर्यंत माझा चेहरा हिरवा झालेला असायचा. काकांनी हे दोन-चार दिवस बघितलं आणि पुढच्या रविवारी सकाळी सहाला दार वाजवून म्हणाले, "उघड्या गाडीत त्रास होत नाही, असं माझं निरीक्षण आहे. तपासून बघू." तेव्हापासून दर रविवारी आम्ही सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरपर्यंत जायचो आणि ऊन चढायच्या आत परत यायचो. त्रास खरंच व्हायचा नाही. पोटाला व्हायचा नाही, डोक्याला भरपूर व्हायचा.

कारण निघण्याआधी झडती. फाटकाशी स्टूल, स्टुलावर पत्र्याचा डबा. रुमाल, पेन, सुटे पैसे, केसांतल्या पिना, सगळं डब्यात. डबा डिकीत, आणि माझ्या हातात सात नंबरचा बिल्ला. सातच का, तर बाकीचे सहा, हा हरवला तर असावेत म्हणून राखीव होते. वाऱ्याने उडालेला कागद चालवणाऱ्याच्या तोंडावर बसला तर काय होईल, याचं वर्णन मी किमान तीस वेळा ऐकलं असेल. ओढणी घरी ठेवायची. वेणी कोटाच्या आत. टोपी, तिला हनुवटीखाली नाडी. डोळ्यांना चष्मा. कानात कापूस, पण एकाच, दुसरा कान हॉर्न ऐकायला मोकळा. टप खाली असला तरी बाजूच्या काचा वरच, म्हणजे वारा मानेवर येत नाही. जुन्या बाजारातून कसलेसे लष्करी पट्टे आणून त्यांनी सीटबेल्ट स्वतः बसवले होते. त्या काळात पुण्यात सीटबेल्ट लावणारा माणूस दिसला की लोक वळून बघायचे, आम्हाला तर लोक थांबून बघायचे. हडपसरच्या चौकात एका रिक्षावाल्याने विचारलं होतं, "काका, विमान कुठं उतरवलं?"

मी लाजेने मान खाली घालायची. काका त्याला गंभीरपणे टोपीच्या नाडीचा उपयोग समजावून सांगायला लागायचे. सिग्नल सुटायचा, मागचे हॉर्न वाजवायचे, यांचं समजावणं चालूच.

टप लावायचा किंवा काढायचा तो गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, सपाट जागी, हँडब्रेक ओढून. त्याला अकरा मिनिटं लागायची. आकाशात रुमालाएवढा ढग दिसला तरी अकरा मिनिटं. ढग गेला की पुन्हा अकरा. एसटीच्या बाजूने जायचं तर आधी हॉर्न, मग प्रत्येक खिडकीवर नजर, कारण खिडकीतून पानाची पिचकारी कधी येईल सांगता येत नाही आणि आपल्याला छत नाही. दर वीस किलोमीटरला मीठ-साखर-पाणी, तहान असो-नसो.

आणि पाढे. याचा राग मला सगळ्यात जास्त यायचा. काकांचा वेगाच्या काट्यावर विश्वास नव्हता. उघड्या गाडीत शेजारच्याचं बोलणं स्पष्ट ऐकू येईनासं झालं की वेग जास्त झाला, असं त्यांचं गणित. म्हणून शेजारच्याने सतत बोलत राहायचं. सुरुवातीला मी ऑफिसच्या गोष्टी सांगायची. ते म्हणाले, "गप्पांमध्ये चालवणारा गुंततो. पाढे म्हणा. चुकलात तरी मला कळेल आणि ऐकू आलं नाही तरी कळेल." इंजिनिअरिंगला विद्यापीठात पहिली दहात आलेली मी, डोक्याला नाडीची टोपी बांधून, सोलापूर रस्त्यावर एकोणतीसचा पाढा ओरडत बसायची. एकोणतीस सत्ते दोनशे तीन. एकोणतीस अठ्ठे दोनशे बत्तीस. पंचावन्नच्या वर गेलं की अठ्ठे ऐकू यायचं नाही, आणि काका पाय उचलायचे.

एकदा लोणीच्या अलीकडे आमच्यापुढे उसाने खच्चून भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली. काका तीस-चाळीस हात मागे राहिले आणि तसेच रांगत राहिले. मागच्या सगळ्या गाड्या शिव्या देत आम्हाला ओलांडून गेल्या. ट्रॅक्टरवाल्याने हात करून ट्रॅक्टर थांबवला आणि मागे वळून म्हणाला, "जावा की फुडं, रस्ता मोकळा हाय."

"तुमचा ऊस नीट बांधलेला नाही," काका म्हणाले. "तुम्ही जा. मी वाट बघतो."

तो हसला आणि निघाला. चार किलोमीटर मी मनातल्या मनात जळफळत होते. मग एका खड्ड्यात ट्रॉली हिंदकळली आणि उसाची आख्खी मोळी तिच्या उजव्या अंगाला रस्त्यावर कोसळली. ओलांडायला गेलो असतो तर नेमके त्याच जागी असतो. काकांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, उतरून मोळी रस्त्याच्या कडेला सरकवली आणि ट्रॅक्टरवाल्याला हाका मारून ती परत नेऊन भरायला लावली. परत आल्यावर म्हणाले, "तेविसापासून राहिलं होतं." म्हणजे पाढा. अशा माणसावर चिडावं की काय करावं, हे मला तेव्हाही कळत नव्हतं.

त्याच वर्षी कंपनीने मला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. दोन वर्षांचं काम होतं. माझ्या घराण्यात तोवर नागपूरच्या पलीकडे नोकरीला गेलेली पहिली बाई मीच होते. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली, मुंबईला, सकाळी अकरा वाजता. बाबांनी यवतमाळच्या घराच्या दारावर आंब्याचं तोरण बांधलं होतं, व्हिसा मिळायच्या आधीच. टॅक्सीत माझी अवस्था काय होते ते मला माहीत होतं. वकिलातीतल्या साहेबासमोर हिरव्या चेहऱ्याने उभं राहायचं नव्हतं. काका म्हणाले, आपण गाडीने जाऊ, आणि मी हो म्हणाले. माझी मी हो म्हणाले, हेही लिहायला हवं.

चार दिवस तयारी चालली होती. काकांनी टायर बदलले, टपाची शिवण पुन्हा मारली, नव्या एक्स्प्रेस-वेवर एकदा एकटे जाऊन आले. मुलाखतीच्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही फाटकाशी उभे. त्या दिवशी काका इतके काळजीत होते, की वाऱ्याने उडालेल्या कागदाचं नेहमीचं वर्णनही त्यांनी केलं नाही. पासपोर्ट, कंपनीची पत्रं, प्रमाणपत्रं, फोटो, सगळी फाइल त्यांनी दोन्ही हातांनी डब्यात ठेवली. कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. बिल्ला माझ्या हातात दिला. काकूंनी माझ्या हातावर दही ठेवलं आणि आम्ही निघालो.

घाट उतरून खोपोलीपाशी पाण्यासाठी थांबलो तेव्हा पावणेआठ झाले होते. एवढं वेळेत असल्यामुळे मी खुशीत होते. म्हटलं, काका, जरा डबा द्या, कागदांवर शेवटची नजर टाकते. त्यांनी डिकी उघडली. डिकीत स्टेपनी होती, हवा भरायचा पंप होता, पाण्याची कॅन होती. डबा नव्हता.

डबा फाटकावर होता. स्टुलावर, कुलूप लावून, अगदी सुरक्षित. अठ्ठावीस वर्षं तो जिथे राहायचा तिथेच. इतर रविवारी काका निवांत असायचे आणि डबा आठवणीने डिकीत ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी सगळं जास्त काळजीने केलं, म्हणून ते जसं कारखान्यात करायचे तसंच झालं. माझ्या मुठीत सात नंबरचा बिल्ला होता.

मी काय बोलले ते लिहीत नाही. यवतमाळच्या भाषेत बोलले एवढं आठवतं. काकांनी खोपोलीच्या बूथवरून काकूंना फोन केला, डबा आहे ना विचारलं, मग टप तसाच ठेवून गाडी वळवली. आणि परत जाताना गाडी पंचावन्नने. मला विश्वास बसेना. बाजूने ट्रकसुद्धा पुढे जात होते. मी ओरडले की काका, आज तरी जोरात घ्या, माझं सगळं चाललंय. त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता उत्तर दिलं.

"चूक माझी आहे. तिच्यासाठी तुमचा जीव धोक्यात घालणार नाही."

या एका वाक्याबद्दल मी त्यांना माफ केलं नाही. माझ्या जिवाचं काय करायचं ते मला ठरवू द्यायला हवं होतं. खडकीला पोचलो, मी डबा ओढून घेतला, स्टेशनवरून टॅक्सी केली, वाटेत तीनदा उलटी झाली आणि वकिलातीच्या दाराशी पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. दारावरच्या माणसाने माझी वेळ बघितली आणि पुढची तारीख घ्या म्हणाला. ती तारीख तीन महिन्यांनी मिळाली. तोवर माझ्या जागी दुसरा मुलगा गेला होता, आणि मग तिकडचा बाजारच बसला, कामच बंद पडलं. लोक मला अजून सांगतात, बरं झालं गेली नाहीस, इथेच तुझं छान झालं. काही बरं झालं नाही. मला जायचं होतं.

आठ दिवसांत मी खोली सोडली. त्या आठ दिवसांत काकांशी एक शब्द बोलले नाही, आणि तेही समोर आले नाहीत. निघताना काकूंनी एक पाकीट हातात दिलं. "यांनी दिलंय. वाचून कळव म्हणालेत." मला वाटलं, उघड्या गाडीत माणूस मरायचं विसावं कलम सापडलं असेल. मी ते न उघडता फाइलमध्ये कोंबलं. माफी मागायची तर तोंडाने मागावी, पाकिटात घालून कसली देता?

परवा त्या पांढऱ्या गाडीवाल्याशी भांडून परत येताना मी खडकीला वळले. का वळले, सांगता येत नाही. घर तेच, फाटकाला नवा रंग. दार काकूंनी उघडलं. त्यांनी मला ओळखायला थोडा वेळ घेतला आणि मग हाताला धरून आत नेलं. काका चार वर्षांपूर्वी गेले होते, झोपेत. गाडीचं काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, लग्नात नवरदेव बसवायला एक जण घेऊन गेला. नवरदेव तिच्यात उभा राहतो म्हणे, फेटा बांधून. ऐकूनच माझा संताप झाला. काकांनी ऐकलं असतं तर मंडपात जाऊन वरपित्याला एकोणीस कलमं ऐकवली असती.

"तू गेल्यावर यांनी गाडी रस्त्यावर काढलीच नाही," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, का?

"चौकशी चालू आहे म्हणायचे. कारखान्यात अपघात झाला की दोषी माणसाला काम बंद, चौकशी पुरी होईपर्यंत. तसं यांनी स्वतःला बंद केलं. दर रविवारी सहाला उठून गाडी पुसायची, टप काढायचा, टोपी बांधून, पट्टा लावून बसायचं. इंजिन बंद. मला शेजारी बसवायचे आणि पाढे म्हणायला लावायचे. गाडी उभीच, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू यायचं."

काकू पुढे म्हणाल्या, "तुझ्या उत्तरासाठी थांबले होते ना ते. तो कागद मीच नव्हता का दिला तुला?"

मग मात्र माझा आवाज चढला. अहो, मग मला फोन का नाही केला? मी याच शहरात होते. वीस वर्षं याच शहरात आहे. एक फोन.

"मी म्हटलं होतं, करते पोरीला फोन. हे म्हणाले, बाधित माणसावर दबाव आणायचा नसतो."

घरी येऊन मी जुन्या फायली काढल्या. पाकीट होतं, न उघडलेलं; त्याच फायलीत बिल्लाही निघाला, मीच तिथे टाकलेला. कागद एकच, दोन्ही बाजूंना रेघा मारलेला, अक्षर छापल्यासारखं. अपघाताचा अहवाल. घटना: प्रवाशाची कागदपत्रे फाटकावर राहिली. इजा: प्रवाशाची परदेशातील संधी. कारण: चालकाची सवय. दोष: पूर्णपणे चालकाचा. कारवाई: चौकशी बंद होईपर्यंत चालकाने वाहन रस्त्यावर काढू नये. त्याखाली त्यांची सही. आणि त्याखाली एक मोठा चौकोन, पट्टीने आखलेला, रिकामा. वर लिहिलं होतं, 'बाधित व्यक्तीचे म्हणणे'. चौकोनाच्या तळाशी बारीक अक्षरात सूचना होती: 'राग असल्यास मोकळेपणाने लिहावा. जागा अपुरी पडल्यास मागची बाजू वापरावी.'

मागची बाजूही अपुरी पडली, म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहिलं आहे. काकूंकडे नेऊन देणार आहे. राग होता, तो लिहिला. अजून आहे. चालकाने माफी तोंडाने मागायला हवी होती. बाधित व्यक्तीने पाकीट त्याच दिवशी उघडायला हवं होतं. सात नंबरचा बिल्ला सोबत जोडला आहे. चौकशी बंद करावी. चालकाने गाडी रस्त्यावर काढायला माझी हरकत नाही. तेव्हाही नसती.